चाळिशीनंतर फार्मसीला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, पदवी वाणिज्य शाखेची, आजवरचं सगळं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. त्यात आता जीव रमत नाही. आईच्या लांबलेल्या आजारपणात तिच्या औषधांचं वेळापत्रक तुम्ही सांभाळलंत, दोन औषधं एकत्र घ्यायची नसतात हे एकदा तुमच्याच लक्षात आलं, आणि तेव्हापासून फार्मसीचा विचार डोक्यातून जात नाही. नोकरी सोडून रीतसर फार्मासिस्ट व्हावं का, की उशीर झाला? कोणत्या देशात शिकणार ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नियमांचा भाग येईल तिथे दोन-चार ठिकाणचं सांगेन.

मी रुग्णालयाची फार्मसी आणि औषधांचं दुकान, दोन्हीकडे काम केलं आहे आणि आता शिकाऊ फार्मासिस्ट माझ्या हाताखाली तयार होतात. चाळिशीत या वाटेला आलेले लोक अधूनमधून भेटतात. काही छान रुळले, काही पहिल्या प्रात्यक्षिकाच्या सत्रातच माघारी फिरले. त्यांच्यातला फरक ना वयाचा होता, ना हुशारीचा. रुळलेल्यांनी काउंटरमागचा दिवस आधी जवळून पाहिलेला होता, बाकीच्यांनी पाठ्यपुस्तक पाहिलं होतं. औषधांची आवड असणं वेगळं आणि फार्मासिस्टच्या कामाची आवड असणं वेगळं. तुमच्या पत्रातून पहिली दिसते, दुसरीबद्दल तुम्हालाही अजून काही कळायला वाव मिळालेला नाही.

आईच्या वेळी तुमच्यापुढे एकच रुग्ण होता. तिची सवय, तिचं वजन, तिची ॲलर्जी तुम्हाला तोंडपाठ होती आणि विचार करायला आख्खी संध्याकाळ होती. काउंटरवर समोर अनोळखी माणूस असतो, त्याच्या मागे रांग असते, फोन वाजत असतो, आणि हातातली चिठ्ठी तपासायला काही मिनिटंच असतात. तेवढ्यात औषधाचं नाव, ताकद, डोस, किती वेळा, किती दिवस, आधीची औषधं, वय, गरोदरपण, मूत्रपिंड हे सगळं नजरेखालून घालायचं. उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चुकून 'रोज' लिहिलं गेलं आणि तसंच दिलं गेलं, तर अस्थिमज्जेचं काम दबून रुग्ण दगावू शकतो; असे मृत्यू अनेक देशांत नोंदले गेले आहेत. त्याच रुग्णाला पुढच्या महिन्यात लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी लिहून आली, तर धोका आणखी वाढतो, कारण दोन्ही औषधं शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामावरच घाला घालतात. चिठ्ठ्या दोन वेगळ्या डॉक्टरांच्या, आणि दोन्ही एकत्र दिसण्याची शक्यता असलेली जागा एकच, ती म्हणजे तुमचा काउंटर.

हे वाचून अंगावर काटा आला असेल आणि त्याचबरोबर 'हेच मला करायचंय' असंही वाटलं असेल, तर चांगलं लक्षण आहे. पण असा क्षण दिवसातून क्वचित येतो. बाकीचा वेळ जातो तो विम्याचा दावा का नाकारला गेला हे शोधण्यात, संपलेल्या स्टॉकसाठी पुरवठादाराच्या मागे लागण्यात, मुदत जवळ आलेला माल वेगळा काढण्यात, नियंत्रित औषधांचं रजिस्टर जुळवण्यात, आणि 'चिठ्ठी नाही, पण अँटिबायोटिक द्याच' म्हणणाऱ्याला न चिडता नाही म्हणण्यात. चूक सापडली म्हणून डॉक्टरांना फोन केला, तर पलीकडून आभार मानले जातीलच असं नाही. पुष्कळदा वैताग ऐकावा लागतो. तो ऐकूनही 'हा डोस मी असा देऊ शकत नाही' हे शांतपणे सांगता यायला हवं. विशीतल्या मुलांना हे सगळ्यात जड जातं. इथे तुमची वर्षं कामाला येतील. रिलीजच्या आदल्या रात्री 'हे असं जाऊ देणार नाही' म्हणून ज्याने मॅनेजरशी वाद घातला आहे, त्याला हा फोन करायला कुणी शिकवावं लागत नाही.

टेस्टिंगची सवय आणखी एका ठिकाणी कामी येते. औषधं देताना होणाऱ्या चुका बहुतांशी अज्ञानातून होत नाहीत, गृहीत धरण्यातून होतात. हायड्रॉक्सिझिन हे खाजेवरचं आणि हायड्रॅलाझिन हे रक्तदाबावरचं औषध, नावं सारखी आणि कप्पे शेजारी. लेव्होथायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. कुणी मिलिग्रॅम वाचलं की चूक थेट हजारपट. 'हे कुठे फसू शकेल' असा विचार आपोआप करणारा माणूस इथे सोन्यासारखा. फरक एवढाच की तुमच्या जुन्या कामात बग सापडला की बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती, परत पाठवता यायची. इथे एकदा पाकीट गेलं की ते परत मागवणं फार अवघड होऊन बसतं, आणि कायद्याच्या नजरेत जबाबदारी एकट्या कंपनीची नसते, तुमच्या नोंदणी क्रमांकावरही येते. हा भार रोज घेऊन शांत झोपता येईल का, हे मात्र स्वतःलाच विचारावं लागेल. काही फार चांगली, हुशार माणसं याच एका कारणाने हे काम सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

रुग्णालयातलं काम वेगळं आहे आणि बाहेरून आलेल्यांना बहुधा तेच हवं असतं. वॉर्डात डॉक्टरांबरोबर राउंड, कर्करोगाच्या औषधांची निर्जंतुक तयारी, शिरेतून द्यायच्या पोषणद्रव्यांचा हिशेब, मूत्रपिंडाच्या ताकदीप्रमाणे डोस कमी करणं. यासाठी अजूनही कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ सालचं सूत्र वापरतात. त्यात १४० मधून रुग्णाचं वय वजा करायचं असतं, म्हणजे वय वाढेल तशी मूत्रपिंडाची ताकद कमी भरते. चाळिशी ओलांडलेले विद्यार्थी हे सूत्र शिकताना स्वतःचं वय घालून बघतातच आणि थोडे गंभीर होतात. असो. मुद्दा असा की या जागा दुकानांपेक्षा कमी असतात आणि चुरस जास्त. अमेरिकेत त्यासाठी पदवीनंतर एक किंवा दोन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे प्रत्यक्ष कामातलं पुढचं प्रशिक्षण, लागते असं धरूनच चाला, आणि ती मिळेलच याची खात्री नसते. 'मी फक्त रुग्णालयातच काम करणार' असं ठरवून येणार असाल, तर दुसरा पर्यायही मनाशी पक्का असू द्या.

आता अभ्यास. तुम्ही स्मरणशक्तीची काळजी व्यक्त केली आहे. माझ्या अनुभवात चाळिशीतला विद्यार्थी पाठांतरात थोडा मागे पडतो, पण समजून घेण्यात पुढे असतो, आणि औषधशास्त्राची बरीचशी नावं गटागटाने लक्षात राहतात. 'प्रिल' वर संपणारी, 'सार्टन' वर संपणारी, 'स्टॅटिन' वर संपणारी, असं करत गेलं की डोंगर तेवढा मोठा वाटत नाही. खरी अडचण रसायनशास्त्राची आहे. सेंद्रिय रसायन, शरीरक्रियाशास्त्र, आणि औषध शरीरात किती वेगाने शोषलं आणि बाहेर टाकलं जातं त्याचं गणित, या तिघांच्या पायावर पुढचं सगळं उभं असतं. वाणिज्य शाखेतून आलेल्या माणसाला हा पाया अगदी तळापासून भरावा लागतो. तो भरता येतो, पण त्याला वेळ लागतो, आणि बरेच जण हा वेळ हिशेबातच धरत नाहीत.

गणिताला मात्र घाबरू नका, ते शाळेतलंच आहे. बारा किलोचं मूल, पॅरासिटामॉल प्रतिकिलो १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. शेल्फवर दोन सिरप: एकात पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५०. पहिल्याचे साडेसात मिलिलिटर, दुसऱ्याचे ३.६. हे आता घरी बसून अर्ध्या मिनिटात सुटेल. तेच मूल समोर रडत असताना, आई दोनदा विचारत असताना, सहकारी 'जरा इकडे बघ' म्हणत असताना, योग्य बाटली हातात आहे ना हे पुन्हा तपासून, आईला समजेल अशा शब्दांत सांगायचं आणि सिरिंजवर खूण करून दाखवायची. ती नीट समजून गेली की जे समाधान मिळतं, त्यावर या धंद्यातली माणसं टिकतात. ते तुम्हाला मिळतं का हे पुस्तकातून कळणार नाही.

नियमांकडे येते. भारतात फार्मसी कायदा १९४८ चा. फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचा सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. २०२२ च्या नियमांनी त्यावर एक्झिट, म्हणजे नोंदणीआधी द्यायची, परीक्षाही आली. पदवी चार वर्षांची, आणि २००८ पासून सुरू झालेली फार्म डी (डॉक्टर ऑफ फार्मसी) सहा वर्षांची. पण प्रवेशासाठी बारावीला भौतिक आणि रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र किंवा गणित लागतं. तुमची बारावी वाणिज्यची असेल, तर आधी विज्ञानाची बारावी, मग बाकी सगळं. पत्राद्वारे किंवा घरबसल्या डिप्लोमा देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्यावर नोंदणी होत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगते. 'नोंदणी करून घ्या, प्रमाणपत्र आमच्या दुकानात लावा, तुम्ही यायचीही गरज नाही, महिन्याला पैसे पोचतील' असं सांगणारे भेटतील. कायद्याने औषध देताना नोंदणीकृत फार्मासिस्ट तिथे हजर असावा लागतो. काही विपरीत घडलं तर भिंतीवरचं नाव तुमचं असतं.

अमेरिकेत दुकानात काम करायचं असो की रुग्णालयात, फार्म डी हीच पदवी. त्याआधी किमान दोन वर्षांचे ठरावीक विज्ञान विषय, मग चार वर्षं. काही ठिकाणी सुट्ट्या गाळून तीन. त्यानंतर राष्ट्रीय पातळीची नॅप्लेक्स परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची वेगळी परीक्षा. प्रवेशाची पीकॅट परीक्षा २०२४ मध्ये बंदच झाली. प्रवेश मिळणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय, पण त्यात आनंदून जाण्यासारखं फारसं नाही. कॉलेजांची संख्या २००० नंतर भराभर वाढली, अर्ज करणारे मात्र कमी झाले, तेव्हा जागा भरण्यासाठी कॉलेजं धडपडत असतात. दुसऱ्या टोकाला दुकानं आकसत आहेत: औषध दुकानांच्या मोठ्या साखळ्यांपैकी वॉलग्रीन्सने २०२४ मध्ये तीन वर्षांत सुमारे १,२०० दुकानं बंद करण्याचं जाहीर केलं, आणि राइट एड २०२५ मध्ये पूर्णच मिटली. याचा अर्थ फार्मासिस्ट लागणार नाहीत असा नाही. उरलेल्या दुकानांत कमी माणसांवर जास्त चिठ्ठ्या पडतात असा आहे. २०२३ मध्ये तिथल्या साखळी दुकानांतले फार्मासिस्ट काम थांबवून बाहेर पडले होते, ते याच ताणापायी.

ब्रिटनमध्ये चार वर्षांची एम फार्म (तिथली फार्मसीची पहिलीच पदवी), मग एक वर्ष पगारी प्रशिक्षण आणि जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलची नोंदणी परीक्षा, जिचे तीनच प्रयत्न मिळतात. तिथला मोठा बदल म्हणजे २०२६ पासून नव्याने नोंदणी होणारे फार्मासिस्ट थेट औषध लिहून देण्याच्या अधिकारासह बाहेर पडणार आहेत. ज्याला रुग्णाशी बोलायला आवडतं, त्याच्यासाठी हे काम पुढच्या काळात तिथे अधिक रंजक होत जाईल असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियात विज्ञानाची पदवी हातात असेल तर काही विद्यापीठांत दोन वर्षांची मास्टर्स आणि वर्षभराची इंटर्नशिप असा जवळचा रस्ता आहे, पण तुमच्या वाणिज्य पदवीवर तो उघडणार नाही.

कुठेही गेलात तरी एक गोष्ट सारखी: शेवटचं वर्ष नोकरी सांभाळून होत नाही. अमेरिकेत त्या वर्षी किमान १,४४० तास वेगवेगळ्या ठिकाणी पूर्णवेळ काम करायचं असतं, बहुधा बिनपगारी, आणि तुमचं ठिकाण कॉलेज ठरवतं. तेव्हा पैशांचा हिशेब मांडताना फी सगळ्यात वर लिहू नका. सगळ्यात मोठा खर्च म्हणजे इतकी वर्षं न मिळालेला पगार, त्यावर न जमलेली निवृत्तीची पुंजी, आणि कर्जाचं व्याज. पायाभूत विषय धरून तुमचं शिक्षण सहा वर्षांचं झालं तर हातात परवाना येईल तो ४९-५० व्या वर्षी. पंधरा वर्षं काम करायला मिळतील. आणि फार्मासिस्टचा पगार सुरुवातीला बरा असला तरी पुढे फारसा चढत नाही. दहा वर्षं काम केलेला आणि काल लागलेला यांच्यात तुमच्या क्षेत्रात असतो तसा फरक नसतो. तुमची जुनी ज्येष्ठता इथे धरली जाणार नाही, रविवारची पाळी तुमच्याच वाट्याला येईल. केवळ पैशासाठी हा बदल करत असाल तर गणित जुळत नाही, हे मी बिनदिक्कत सांगते.

शरीराचंही बघा. आठ-दहा तास उभं राहणं आहे. पाठ, गुडघे, पायांच्या शिरा यांचं आधीच दुखणं असेल तर ते वाढतं. डोळ्यांची चाळिशी लागलेली असते आणि इंजेक्शनच्या ॲम्प्यूलवरचं अक्षर बारीक असतं. चष्म्याला लाजू नका.

मग काय करावं? नोकरी सोडू नका, इतक्यात तरी. आधी एखाद्या फार्मसीत मदतनीस किंवा टेक्निशियन म्हणून संध्याकाळी नाहीतर शनिवार-रविवारी काम मिळवा. प्रत्येक देशात मदतनिसाला काय करता येतं याच्या मर्यादा वेगळ्या आहेत. काही ठिकाणी गोळ्या मोजता येतील, काही ठिकाणी फक्त माल लावणं आणि बिल करणं. तेवढंही पुरतं. काही महिने काढा, आणि त्यात सर्दी-तापाच्या साथीचा हंगाम आलाच पाहिजे, कारण शांत दिवसांत हे दुकान सगळ्यांनाच आवडतं. तिथल्या फार्मासिस्टकडे लक्ष ठेवा. तो जेवतो कधी, चूक सापडली की कसा वागतो, घरी जाताना चेहरा कसा असतो. त्याच काळात एखाद्या संध्याकाळच्या वर्गात रसायनशास्त्र सुरू करा. पाळी आणि अभ्यास दोन्ही एकाच वेळी झेपले, तर पुढचं झेपायची शक्यता बरीच आहे.

आता एक वेगळी वाट, जी तुम्ही विचारलेली नाही. तुम्हाला औषधांच्या जगात यायचंय, पण त्यासाठी फार्मासिस्टच व्हायला हवं असं नाही. औषध कंपन्यांत कॉम्प्युटर सिस्टिम व्हॅलिडेशन नावाचं काम असतं: कारखान्यातली आणि प्रयोगशाळेतली सॉफ्टवेअर प्रणाली ठरवल्याप्रमाणेच चालते, नोंदी बदलता येत नाहीत, कुणी कधी काय केलं याचा माग राहतो, हे कागदोपत्री सिद्ध करायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचा इलेक्ट्रॉनिक नोंदींबाबतचा १९९७ सालचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम त्याचा कणा आहे, आणि अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला तो लागू होतो. तुमचा टेस्टिंगचा अनुभव इथे जसाच्या तसा चालतो, पगारात शून्यापासून सुरुवात नाही. दुसरं ठिकाण म्हणजे रुग्णालयांच्या ई-प्रिस्क्रिप्शन प्रणाली. दोन औषधं एकमेकांना घातक आहेत असा इशारा स्क्रीनवर येतो, तो कुणीतरी आखलेला आणि तपासलेला असतो. आज अडचण ही आहे की इशारे इतके येतात की डॉक्टर आणि फार्मासिस्ट न वाचताच ते बंद करतात. कोणता इशारा ठेवायचा, कोणता काढायचा, हे ठरवायला औषधं समजणारा टेस्टर मिळाला तर मी त्याला उद्या बोलावेन. औषध बाजारात आल्यावर दुष्परिणामांची नोंद ठेवणारा फार्माकोव्हिजिलन्स विभागही आहे, पण तिथे बहुतेक कंपन्या जीवशास्त्र किंवा फार्मसीची पदवी मागतात.

माझा कल विचाराल तर, तुमच्या पत्रावरून मी आधी व्हॅलिडेशनचा रस्ता तपासला असता. पण काउंटरवर काही महिने काढून, माणसांशी बोलण्यातच तुमचा जीव आहे असं दिसलं, तर स्क्रीनसमोरच्या दुसऱ्या कामाने भागणार नाही. तेव्हा शिकायलाच जा आणि वयाचा विचार बाजूला ठेवा.

तसं ठरलं तर कॉलेज निवडताना इमारत आणि जाहिरात बघू नका. अमेरिकेत नॅप्लेक्सचे निकाल कॉलेजनिहाय प्रसिद्ध होतात. पहिल्याच प्रयत्नात किती जण उत्तीर्ण होतात ते सलग तीन-चार वर्षांचं बघा, एका वर्षाचं नको. इतरत्र हेच आकडे कॉलेजकडे मागा. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण वेळेत पदवी घेऊन बाहेर पडले हेही विचारा, कारण निकाल चांगला दिसावा म्हणून कच्चे विद्यार्थी आधीच गाळले जातात. प्रात्यक्षिकाची ठिकाणं किती लांब असतात, आणि घरी लहान मुलं किंवा आजारी आईवडील असलेल्यांना जवळचं ठिकाण मिळतं का, हे लेखी विचारा. तिशीपुढच्या एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळेल का, तेही. एवढ्या प्रश्नांवर कॉलेज टोलवाटोलवी करू लागलं, तर तिथला अर्ज भरू नका.